ओढ्याचं पाणी शेवटी समुद्रालाच जातं
प्लास्टिक आणि समुद्रातले जीव: गैरसमज आणि वस्तुस्थिती

पावसाळा सरल्यावर कोरड्या ओढ्याच्या कडेने चालत गेलं, की वेड्या बाभळींच्या काट्यांना चिंध्या लोंबताना दिसतात. दुधाच्या पिशव्या, गुटख्याच्या पुड्या, खताच्या गोणीतलं अस्तर, टोमॅटोच्या प्लॉटमधला काळा-चंदेरी मल्चिंग पेपर. पाणी कुठवर चढलं होतं, ते या चिंध्यांवरूनच कळतं. काट्यात अडकलं ते मागे राहिलं, बाकीचं पाण्याबरोबर गेलं. ते गेलं कुठे, हे आपण विचारत नाही. प्लास्टिकमुळे कासवं, मासे, देवमासे मरतात ही बातमी वाचून हळहळतो आणि हा मुंबई-कोकणाचा प्रश्न आहे असं समजून पान उलटतो. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात सर्रास ऐकू येणाऱ्या अशा काही समजुती आणि त्यांमागची वस्तुस्थिती इथे मांडतो आहे.

गैरसमज १: आपल्या जिल्ह्याला समुद्रच नाही. इथला कचरा तिथे कसा पोचेल?

वस्तुस्थिती: जिल्ह्याला किनारा नाही, पण समुद्राकडे जाणाऱ्या वाटा भरपूर आहेत. अकोले तालुक्यात रतनगडावर उगम पावणारी प्रवरा भंडारदरा, संगमनेर करत नेवासे तालुक्यात प्रवरासंगमला गोदावरीला मिळते. वाटेत मुळाही तिला येऊन मिळालेली असते. कोपरगाव-पुणतांब्याची गंगथडी तर थेट गोदावरीच्याच काठी आहे. ही गोदावरी मराठवाडा आणि तेलंगण ओलांडून आंध्रात बंगालच्या उपसागराला मिळते. तिच्या मुखाशी, काकीनाड्याजवळ, कोरिंगा अभयारण्याची खारफुटी आहे आणि तिथल्या होप बेटावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. नगर शहरातली सीना सोलापूर जिल्ह्यात भीमेला मिळते, भीमा कृष्णेला, आणि कृष्णाही त्याच उपसागराला.

अरबी समुद्रही फार लांब नाही. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरून वाऱ्याने खाली गेलेलं वेष्टन ठाणे जिल्ह्यात पडतं. कड्याखालचं पाणी काळू नदीतून उल्हास नदीत आणि पुढे खाडीत जातं. समुद्रात सर्वाधिक प्लास्टिक नेणाऱ्या नद्यांचा एक जागतिक अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. त्यात उल्हास नदी अगदी वरच्या क्रमांकांत होती. गडावर मॅगीचं पाकीट टाकणारा माणूस त्या नदीच्या पाणलोटाच्या काठावर उभा असतो.

गैरसमज २: एवढी धरणं आहेत, सगळं तिथेच अडतं.

वस्तुस्थिती: अडतं, पण सगळं नाही. प्लास्टिकचे प्रकार वेगळे, तशी त्यांची वागणूकही वेगळी. पाण्याच्या बाटलीचं पेट आणि पाइपचं पीव्हीसी पाण्यापेक्षा जड असतं. त्यांचे तुकडे तळाशी जाऊन गाळात बसतात. पिशव्यांचं पॉलिथिन आणि गोण्या-दोरांचं पॉलिप्रोपिलीन पाण्यापेक्षा हलकं, म्हणून तरंगतं. पूर आला आणि दरवाजे उचलले, की तरंगणारा माल पाण्याबरोबर पुढे निघतो. किनाऱ्यालगतच्या शहरांतून जास्त प्लास्टिक समुद्रात जातं, हे खरं. पण जे धरणात अडतं तेही नाहीसं होत नाही. जायकवाडीचा नाथसागर नेवासे आणि शेवगाव तालुक्यांपर्यंत पसरलेला आहे. तो पक्षी अभयारण्य आहे आणि असंख्य कुटुंबांची मासेमारीही त्यावर चालते. समुद्रातल्या कासवाचं जे होतं, तेच इथल्या पक्ष्याचं आणि माशाचं होऊ शकतं.

गैरसमज ३: समुद्रात प्लास्टिकचं एक बेट झालंय. यंत्र लावून ते उचलता येईल.

वस्तुस्थिती: प्रशांत महासागरातल्या ज्या भागाला लोक 'बेट' म्हणतात, तिथे पाय ठेवायला जागा नाही. सुमारे १६ लाख चौरस किलोमीटरवर विखुरलेली ती पातळ खिचडी आहे. २०१८ च्या अभ्यासानुसार तिथे अंदाजे ८० हजार टन प्लास्टिक तरंगतं आहे. वजनाने बघितलं तर त्यातलं ४६ टक्के मासेमारीची जाळी आहेत. संख्येने बघितलं तर बहुतेक सगळे बारीक तुकडे आहेत. पाच मिलिमीटरपेक्षा लहान तुकड्यांना मायक्रोप्लास्टिक म्हणतात. ते चाळणीने गोळा करायला गेलं, तर समुद्राच्या सगळ्या अन्नसाखळीचा पाया असलेले सूक्ष्म जीवही त्याच चाळणीत येतील. शिवाय पृष्ठभागावर दिसतं ते थोडंच. १९९८ साली मारियाना गर्तेत जवळपास अकरा किलोमीटर खोलीवर एक प्लास्टिकची पिशवी दिसली होती. तिथवर पोचलेलं प्लास्टिक यंत्र लावून गोळा करणं जवळजवळ अशक्य आहे.

गैरसमज ४: मुक्या जिवांना खाण्याचं-न खाण्याचं कळतं. एखादंच चुकून मरत असेल.

वस्तुस्थिती: कासवाची चूक नाही. जेलीफिश हे त्याचं खाद्य, आणि पाण्यात फुगून तरंगणारी पारदर्शक पिशवी जेलीफिशसारखीच दिसते. काही दिवसांत पिशवीवर शेवाळं चढतं, मग तिला वासही खाद्यासारखा येऊ लागतो. अशा वासाला कासवं अन्नासारखाच प्रतिसाद देतात, हे प्रयोगात दिसलं आहे. एकदा गिळलं की बाहेर टाकायची सोय नाही, कारण निसरडं खाद्य निसटू नये म्हणून समुद्री कासवाच्या घशात आतल्या दिशेने वळलेले काटे असतात. जे काटे त्याला लाखो वर्षं जगवत आले, तेच पिशवीला आत ढकलतात. आतड्यात गोळा अडकतो, वायू धरतो, कासवाला बुडी मारता येत नाही. मग ते पाण्यावर तरंगत उपाशी मरतं.

ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी मृत कासवांचा अभ्यास करून २०१८ साली निष्कर्ष मांडला: पोटात प्लास्टिकचा एक तुकडा असेल तर त्यामुळे मरण्याची शक्यता सुमारे २२ टक्के, आणि चौदा तुकडे असतील तर ५० टक्के. त्याच वर्षी इंडोनेशियात किनाऱ्याला लागलेल्या एका मृत देवमाशाच्या पोटात सुमारे सहा किलो प्लास्टिक निघालं. त्यात ११५ कप होते, दोन चपला होत्या.

गिळण्याइतकंच अडकणंही जीवघेणं आहे. समुद्रात तुटून सुटलेली जाळी कुणी ओढत नसतानाही जीव पकडत राहतात. पालघर जिल्ह्यात डहाणूला वनविभागाच्या मदतीने चालणारं कासवांचं उपचार केंद्र आहे. पावसाळ्यात तिथे अशा जाळ्यांनी वल्ह्यासारखे पाय कापले गेलेली कासवं येतात. दुसरीकडे रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन कासवांची घरटी राखली आणि पिल्लं समुद्रात सोडली. रात्री जागून राखलेलं पिल्लू पहिल्या लाटेनंतर आपल्याच कचऱ्यात पोहणार असेल, तर ती मेहनत कुणी वाया घालवली, हे आपणच स्वतःला विचारायला हवं.

गैरसमज ५: काही वर्षांत कुजतंच की! आणि आता बायोडिग्रेडेबल पिशव्याही आल्यात.

वस्तुस्थिती: प्लास्टिक कुजत नाही, तुटतं. उन्हाने कडक होतं, लाटांनी फुटतं, एका पिशवीचे हजारो कण होतात. 'साडेचारशे वर्षांत नष्ट होतं' असे आकडे फिरतात, पण ते अंदाज आहेत. पहिलं पूर्ण कृत्रिम प्लास्टिक, बेकेलाइट, १९०७ सालचं. सर्रास वापर सुरू झाला १९५० नंतर. साडेचारशे वर्षं वाट पाहिलेलं कुणी नाही.

इंग्लंडमध्ये प्लिमथ विद्यापीठाच्या संशोधकांनी पिशव्या तीन वर्षं मातीत आणि समुद्राच्या पाण्यात ठेवल्या. 'बायोडिग्रेडेबल' छापलेली पिशवी तीन वर्षांनंतरही बाजाराचं ओझं पेलण्याइतकी शाबूत होती. 'कंपोस्टेबल' पिशवी ठरावीक उष्णता आणि ओल असलेल्या प्रकल्पात कुजावी, अशा बेताने बनवलेली असते. आपल्या ओढ्यात तो प्रकल्प नाही.

गैरसमज ६: जाळून टाकलं की विषय संपला.

वस्तुस्थिती: उकिरड्यावर काडी लावली की ढीग कमी दिसतो, एवढंच. उघड्यावरची आग पुरेशी तापत नाही, प्लास्टिक अर्धवट जळतं. पीव्हीसी असेल तर डायॉक्सिनसारखी विषं हवेत जातात. राखेत न जळलेले कण उरतात आणि पहिल्याच पावसात तेही ओढ्याला लागतात.

गैरसमज ७: मी कापडी पिशवी वापरतो, आणि बाकीचं रिसायकल होतं.

वस्तुस्थिती: राज्यात २०१८ साली प्लास्टिकबंदी आली. त्यानंतर दुकानांत दिसणारी, कापडासारखी मऊ, रंगीत 'नॉन-वोव्हन' पिशवी ही पॉलिप्रोपिलीनची, म्हणजे प्लास्टिकचीच. खात्री करायची तर कडेचा धागा ओढून पाहा. विणलेल्या कापडातून धागा निघतो, या पिशवीचं नुसतं लोकरीसारखं भुसकट येतं. रिसायकलबद्दल म्हणाल, तर २०१५ पर्यंत जगात तयार झालेल्या प्लास्टिक कचऱ्यापैकी फक्त ९ टक्के पुन्हा वापरात आला. १२ टक्के जाळला गेला. बाकीचा डेपोत आणि निसर्गात पडून आहे.

गैरसमज ८: आम्ही शाकाहारी. मासेच खात नाही, तर आम्हाला काय?

वस्तुस्थिती: मीठ तर खाता. मुंबईच्या आयआयटीतल्या संशोधकांनी २०१८ साली भारतीय बाजारातलं समुद्री मीठ तपासलं, तेव्हा त्यात मायक्रोप्लास्टिकचे कण सापडले. साध्या वाळूतून समुद्राचं पाणी गाळून घेतलं, तर त्यातले बहुतेक कण अडवता येतात, असंही त्यांनी दाखवलं. म्हणजे ओढ्यावाटे गेलेलं प्लास्टिक मिठावाटे आपल्याच ताटात परत येऊ शकतं. या कणांचा माणसाच्या शरीरावर नेमका काय परिणाम होतो, याचा अभ्यास अजून चालू आहे. पण ते समुद्रात जाऊ नयेत, यासाठी त्या निकालाची वाट पाहायची गरज नाही.

गैरसमज ९: माझ्या एकट्याने काय होणार?

वस्तुस्थिती: दुधाची पिशवी आपण कशी फोडतो ते पाहा. कोपरा कापतो. पिशवी धुऊन भंगारवाल्याला दिली जाते, पण नखाएवढा कोपरा सिंकमध्ये नाही तर केरात जातो. इतका लहान तुकडा कुणी वेचत नाही. गटार, नाला, सीना, भीमा: त्याची वाट मोकळी असते. आपला जिल्हा दुधाचा. घरोघरी रोज असे किती कोपरे तुटत असतील, हिशेब करा. कोपरा पूर्ण न तोडता नुसती चीर दिली, तर तो पिशवीलाच राहतो आणि तिच्याबरोबरच रिसायकलला जातो. यासाठी एक पैसाही लागत नाही.

शेतकरी बंधू-भगिनींना एक विनंती आहे. पीक निघाल्यावर मल्चिंग पेपरवरून रोटाव्हेटर मारू नका. एकदा चिंधड्या झाल्या की त्या मातीतून कधीच वेचता येत नाहीत. वाफा ओला असताना पेपर सावकाश गुंडाळा, माती झटका आणि ड्रिपच्या जुन्या नळ्यांसोबत भंगारात द्या. ग्रामपंचायतींनी मृगाच्या आधी एकदा ओढे वेचून घ्यावेत. पाणी वाहू लागल्यावर वेचायला काही उरत नाही.

समुद्र वाचवायला आपल्याला कोकणात जावं लागणार नाही. आपली जबाबदारी गावच्या ओढ्यापाशी सुरू होते. या वर्षीचा पहिला पूर येण्याआधी आपल्या हद्दीतल्या बाभळींवरच्या चिंध्या तेवढ्या उतरवून घ्या.