एंझाइम आणि धातू : वाया जाणाऱ्या अर्ध्या भागाचा उपयोग

डावा हात व उजवा हात यांची घडण सारखीच. तरीही डाव्या हाताचा मोजा उजव्या हातात नीट बसत नाही. अनेक रासायनिक संयुगांचे रेणूही असेच एकमेकांची आरशातील प्रतिबिंबे असतात. आपले शरीर मात्र या दोन रूपांतील भेद ओळखते. म्हणूनच औषधांत पुष्कळदा एकच रूप हवे असते. नेहमीच्या रासायनिक प्रक्रियेत सामान्यतः दोन्ही रूपे समप्रमाणात तयार होतात.

टार्टारिक आम्लाच्या अशा मिश्रणातील एकच रूप बुरशी खाऊन टाकते व दुसरे शिल्लक राहते, असे लुई पाश्चर यांना १८५८ साली आढळून आले. ही निवड सजीवांतील एंझाइमे, म्हणजेच जैव उत्प्रेरक, करीत असतात. पुढे रसायन उद्योगानेही त्यांच्या या गुणाचा लाभ घेतला. परंतु एंझाइमाची निवड कितीही अचूक असली, तरी हवे ते रूप मुळात निम्मेच! उरलेल्या निम्म्याबरोबर त्यासाठी वापरलेला कच्चा माल, द्रावक आणि इंधनही वाया जाते.

या अडचणीवर धातूंच्या साहाय्याने मार्ग निघाला. स्वीडनमधील रसायनशास्त्रज्ञ यान-अर्लिंग बेकव्हाल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली लायपेज हे एंझाइम व रुथेनियम धातूचे एक संयुग यांना एकाच पात्रात कामास लावले. लायपेज अल्कोहोलाचे हवे ते रूप निवडून त्याचे एस्टरमध्ये रूपांतर करते. रुथेनियम उरलेल्या रेणूंतील हायड्रोजन काढून घेते व पुन्हा जोडते. त्यामुळे नको असलेल्या रूपापासून दोन्ही रूपे पुन्हा तयार होतात आणि लायपेजला निवडीसाठी नवा माल मिळतो. एस्टर झालेल्या रेणूवर मात्र रुथेनियमची ही क्रिया होत नाही. अशा रीतीने जवळजवळ सर्व माल हव्या त्या रूपात हाती येऊ शकतो.

हा संसार जुळविणे सोपे नाही. धातूच्या उत्प्रेरकास बहुधा उष्णता मानवते. एंझाइमास ती बेताचीच सोसते. या प्रयोगात सुमारे ७० अंश सेल्सिअसला चालणारे, राळेच्या कणांवर बसविलेले लायपेज उपयोगी पडले. असे कण गाळून पुन्हा वापरता येतात. रुथेनियम मात्र दुर्मीळ व महाग असून औषधात त्याचा अंश राहू न देण्याची दक्षता घ्यावी लागते.

सांडपाणी शुद्ध करणे आवश्यक आहेच. परंतु टाकाऊ द्रव्य मुळातच निर्माण होऊ न देणे अधिक श्रेयस्कर होय. एंझाइम व धातू यांच्या सहकार्याचे खरे मोल यातच आहे.