मृतसाठा आणि स्थिरांकाचा विकलज

पावसाळ्यात वर्तमानपत्रांत धरणांच्या पाणीसाठ्याचे तक्ते येतात, ते तुम्ही पाहत असालच. जुन्नर तालुक्यातील माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे आणि आंबेगाव तालुक्यातील घोड नदीवरचे डिंभे ही कुकडी प्रकल्पाची धरणे. धरणात एकूण साठा वेगळा आणि उपयुक्त साठा वेगळा. दोहोंतील फरक म्हणजे मृतसाठा. पाणी बाहेर सोडण्याच्या मार्गाखाली अडकलेले हे पाणी आपोआप कालव्यात उतरत नाही.

समजा, एका धरणाचा मृतसाठा ३० दशलक्ष घनमीटर आहे आणि क्ष दिवसांनी उपयुक्त साठा ४क्ष होतो. (आकडे सोयीसाठी घेतले आहेत, बरे का!) मग एकूण साठा ४क्ष + ३०. पाचव्या दिवशी तो ५०, सहाव्या दिवशी ५४. वाढ ४. उपयुक्त साठा २० वरून २४ झाला. तेथेही वाढ ४ च. वजाबाकी करताना ३० उडून गेले!

हेच व्याख्येने पाहा. फ(क्ष) = ३० असेल, तर फ(क्ष + ह) देखील ३०. फरक ०. त्याला ह ने भागायचे. येथे पुष्कळजण अडखळतात: ह शून्याकडे जातो, तर हे शून्य भागिले शून्य झाले नाही का? नाही. ह शून्याच्या कितीही जवळ गेला तरी शून्य नसतो. म्हणून भागाकार प्रत्येक वेळी ० च येतो आणि सीमाही ०.

परीक्षेत ५² चा विकलज १० लिहिणारे दरवर्षी भेटतात. घातांक दिसला की नियम लावायचा, ही सवय वाईट. ५² म्हणजे २५. त्यात क्ष कोठे आहे? मात्र ४क्ष मधला ४ उडत नाही. तो गुणक आहे. क्ष मधील प्रत्येक बदल तो चौपट करतो.

विकलज शून्य म्हणजे काहीच घडत नाही, असेही समजू नका. धरण काठोकाठ भरले आणि येईल तेवढेच पाणी सांडव्यावरून सोडले, तर नदी दुथडी वाहत असूनही साठ्याचा विकलज शून्यच!

आता एक प्रश्न तुमच्यासाठी. धरणात गाळ साचतो आणि मृतसाठ्याची जागा व्यापत जातो. ट वर्षांनंतर मृतसाठा ३० − ०.२ट उरत असेल, तर ट च्या संदर्भात त्याचा विकलज किती?