दुनळीतली एकच गोळी

हुडकेश्वरहून उमरेड रोडला लागले की ले-आउटच्या पाट्या हळूहळू विरळ होतात आणि कपाशी, तूर, सोयाबीनची वावरे सुरू होतात. तिथे आजही जागल असते. टॉर्च, फटाके, डबे बडवणे यांवर रात्र निघते. पूर्वी काही शेतकरी घरांत याच कामासाठी परवान्याची बंदूक असे. बहुतेक ठासणीची, म्हणजे आपली भरमार. सधन घरात बारा बोरची दुनळी. हरणासाठी या दुनळीत छर्रा भरावा की एकच गोळी, हा जुन्या शिकाऱ्यांचा तावातावाचा वाद होता. माझ्या मते त्या वादात जनावराच्या मरणाचा प्रश्न दडलेला होता, म्हणून तो समजून घेण्यासारखा आहे.

एक पौंड शिशाचे बारा सारखे गोळे केले, तर त्यातला एक जिच्या नळीत नेमका बसेल ती बारा बोर. नळीचा व्यास साडेअठरा मिलिमीटरच्या आसपास. काडतूस हातात घेऊन पाहिले तर बुडाला पितळी वाटी, तिच्या मधोमध टोपी, आत दारू, दारूवर जाड चकती आणि तिच्यापुढे शिसे. आपल्याकडची कितीतरी काडतुसे पुण्याजवळच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यातली. हा कारखाना १८६९ चा. तितरासाठी शेकडो बारीक छर्रे, मोठ्या जनावरासाठी ‘एलजी’चे मोजके जाड छर्रे, आणि त्याहून पुढची पायरी म्हणजे सगळे शिसे एकाच गोळीत.

एलजी लोकप्रिय होती, कारण नेम थोडा चुकला तरी काहीतरी लागायचेच. खोट नेमकी तिथेच होती. नळीतून सुटलेले छर्रे पसरत जातात. तीस-चाळीस पावलांपलीकडे चितळाला त्यातला एखाद-दुसराच लागतो. पोटात, नाहीतर पायात. जनावर जागेवर पडत नाही. ते झुडपात शिरते आणि पुढे कित्येक तास, कधी कित्येक दिवस तडफडत मरते. एक औंसाची, म्हणजे सुमारे २८ ग्रॅमची एकच गोळी खांद्यामागे बसली तर हा छळ टळतो. मात्र त्यासाठी शिकाऱ्याला नेम हवा आणि चाप न ओढता बंदूक खाली घेण्याचा संयमही हवा.

गुळगुळीत नळीची अडचण अशी, की तिच्यातून सुटलेली गोळी रायफलच्या गोळीसारखी स्वतःभोवती फिरत नाही आणि लवकर भरकटते. यावरचा एक तोडगा हिंदुस्थानात नोकरी केलेल्या माणसाने काढला. जॉर्ज फॉस्बेरी हा बंगाल आर्मीतला अधिकारी. १८६३ च्या अंबेला मोहिमेत त्याने व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला होता. नळीच्या तोंडाशी शेवटच्या दोन-तीन इंचांतच आटे पाडायचे, ही त्याची कल्पना. १८८५ च्या सुमारास तिचे पेटंट झाले आणि लंडनच्या हॉलंड अँड हॉलंडने ‘पॅराडॉक्स’ या नावाने बंदूक काढली. एकाच हत्याराने सकाळी तितर आणि दुपारी सांबर मारता येई, म्हणून इथल्या साहेबांना आणि संस्थानिकांना ती भावली. पुढे जर्मनीत विल्हेल्म ब्रेनेके याने १८९८ मध्ये वेगळी गोळी घडवली: वजन पुढे, मागे चकती घट्ट जोडलेली, त्यामुळे ती बॅडमिंटनच्या फुलासारखी तोंड पुढे ठेवूनच जाते. अमेरिकेत १९३१ मध्ये कार्ल फॉस्टरने मागून पोकळ गोळी करून तेच साधले. साध्या नळीतून अशी गोळी पन्नास-साठ मीटरपर्यंत भरवशाची.

अमेरिकेतल्या ओहायोसारख्या दाट वस्तीच्या, सपाट राज्यांत हरणासाठी कित्येक दशके रायफलला बंदी आणि या गोळीला परवानगी होती. रायफलची गोळी काही किलोमीटर जाते, ही त्याच्या कितीतरी आधी पडते, म्हणून वस्तीला धोका कमी, असा हिशेब. पण पेनसिल्वेनियात २००७ च्या अभ्यासात दिसले, की जमिनीला जवळजवळ समांतर बार झाला तर ही जड गोळी आपटून उसळते आणि बरीच पुढे जाते. आपल्या वावराच्या धुऱ्यापलीकडे आता घरे उभी आहेत. तिथे कुठलाही बार सुरक्षित मानू नये.

आपल्याकडे हा वाद कायद्यानेच संपवला. शूटिंग ब्लॉकचे परवाने काढून शिकार करण्याचे दिवस १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मावळले आणि १९९१ च्या दुरुस्तीने हौशी शिकारीची उरलीसुरली वाटही बंद केली. ते योग्यच झाले. दुसरीकडे १९५९ चा शस्त्र कायदा पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देतो, आणि ती पुरी पडत नसेल तर गुळगुळीत नळीच्या दुसऱ्या बंदुकीचाही. पुष्कळांचा घोटाळा इथेच होतो. बंदुकीचा परवाना म्हणजे जनावर मारण्याचा परवाना नाही. पिकाची नासाडी करणाऱ्या रोही आणि रानडुकरांसाठी राज्य सरकारने २०१५ मध्ये परवानगीची कार्यपद्धती ठरवली, पण तीही वनखात्याच्या लेखी परवानगीनेच. रोही कुरंगांच्या कुळातला. चितळ-सांबर ही खरी हरणे, आणि ती त्या कार्यपद्धतीत येत नाहीत.

रात्रभर जागून सकाळी तुडवलेली तूर पाहणाऱ्या शेतकऱ्याचा संताप खोटा नाही, आणि त्याच्या नुकसानाची भरपाई वेळेवर झालीच पाहिजे. म्हणून उमरेड, भिवापूर, कुहीकडच्या वाचकांना सांगणे एवढेच: नुकसान दिसताच फोटो काढा, तीन दिवसांच्या आत जवळच्या वन कार्यालयात अर्ज द्या, पंचनामा करून घ्या आणि अर्जाची पोच मागून घ्या. वनखात्याची हेल्पलाइन आहे १९२६.