मुलांच्या अन्ननलिकेचा दाह : तो कितीसा आढळतो?



पानावर बसलेले मूल एकेक घास चघळत राहते, प्रत्येक घासाला पाणी मागते, पोळी नको म्हणते आणि पेज तेवढी पिते. अशा मुलाला हट्टी म्हणून आपण मोकळे होतो. पुष्कळदा ते खरेही असते. परंतु काही मुलांत दोष स्वभावाचा नसून अन्ननलिकेचा असतो. अशी मुले किती, हा आजचा प्रश्न आहे.

आपल्या रक्तात इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी असतात. इओसिन या तांबड्या रंगाने त्या रंगतात, म्हणून पाउल एर्लिख या जर्मन संशोधकाने १८७९ साली त्यांना वेगळे ओळखले. निरोगी अन्ननलिकेच्या अस्तरात त्या सहसा नसतात. काही मुलांत दूध, गहू, अंडे अशा रोजच्याच अन्नाच्या वावड्यामुळे त्या तेथे गोळा होतात व अस्तर सुजते. वर्षानुवर्षे दुर्लक्ष झाल्यास नळी ताठर व अरुंद होऊ शकते. तान्हे मूल दूध ओकते, शाळकरी मुलाचे पोट दुखते, मोठ्या मुलाचा घास छातीत अडकतो. मुलींपेक्षा मुलग्यांत हा विकार अधिक आढळतो.

आता गणतीकडे वळू. अमेरिकेतील सिनसिनाटी येथील बालरुग्णालयाच्या डॉक्टरांनी आपल्या हॅमिल्टन परगण्यातील मुले मोजून २००४ साली आकडे प्रसिद्ध केले. दर दहा हजार मुलांमागे वर्षाला सुमारे एक नवा रुग्ण आढळत होता. एकूण रुग्ण मात्र २००० साली दहा हजारांत एक होते, ते २००३ अखेर ४.३ झाले.

तीन वर्षांत चौपट! मग साथ आली काय? नाही. रांजणात रोज एकच तांब्या पाणी पडले, पण खालून गळती नसली, तर पातळी चढतच जाते. हा विकार बहुधा जिवावर बेतत नाही आणि सहसा आपोआप बराही होत नाही; म्हणून नवे रुग्ण जुन्यांत मिळत जातात. पुढे अनेक देशांतील पाहण्या एकत्र केल्या असता लाखात सुमारे ३४ मुले, म्हणजे तीन हजारांत एक, असे प्रमाण निघाले. त्या पाहण्या मुख्यतः युरोप व उत्तर अमेरिकेतील होत.

येथे एक सावधगिरी हवी. हा रोग नुसत्या लक्षणांवरून ठरत नाही. घशातून दुर्बीण उतरवून अस्तराचे बारीक तुकडे काढावे लागतात. सूक्ष्मदर्शकाच्या एका दृष्टिक्षेत्रात पंधरा किंवा अधिक इओसिनोफिल दिसावे लागतात, आणि त्यांचे दुसरे कारण नाही याची खात्री करावी लागते. म्हणून जेथे दुर्बीण नाही, तेथे रोगही नाही असे कागदावर दिसते. तपासण्या वाढल्या की आकडा वाढतो. परंतु काही ठिकाणी तपासण्यांच्या मानाने रुग्ण अधिक वेगाने वाढले, तेव्हा ही वाढ केवळ शोधण्याची नव्हे.

तीन हजारांत एक म्हणजे रोग विरळच. प्रत्येक खोडकर मुलाला दुर्बीण लावण्याचे कारण नाही. पण घास वारंवार अडकत असेल, उलट्या थांबत नसतील, वजन वाढत नसेल, तर रागावण्यापूर्वी डॉक्टरांना दाखवावे. वावड्याचे अन्न वगळून व औषधांनी हा दाह आटोक्यात ठेवता येतो. त्या एका मुलाला हट्टी ठरवून आपण गप्प बसवले, तर ते गणतीतही येणार नाही आणि बरेही होणार नाही.