दिवा विझला, पारा उरला

भिवंडी तालुक्यातील दिघाशी काय किंवा तिच्या आसपासची गावे काय, पावसाळ्याच्या तोंडावर उकिरडे उपसले जातात आणि त्यांतले खत भातखाचरांत जाऊन पडते. शेण, पालापाचोळा आणि चुलीतील राख हे उकिरड्याचे जुने मानकरी. गेल्या वीस वर्षांत त्यांच्या पंक्तीला पिळदार नळीचा पांढरा दिवा येऊन बसला आहे. सीएफएल या नावाने घरोघर गेलेला हा दिवा जळेनासा झाला, की होल्डरमधून निघून उकिरड्यावर येतो. तेथे त्याची काच फुटते आणि आतला पारा काही हवेत, काही मातीत मिसळतो. एवढ्याशा दिव्याचा कसला एवढा बोभाटा, असे कोणाही सुज्ञास वाटेल. एका दिव्यापुरते ते बरोबरही आहे. परंतु प्रश्न एका दिव्याचा नाही.

हा दिवा आला तो उपकारकर्ता म्हणूनच. जुन्या तारेच्या दिव्यात विजेचा फार मोठा भाग उष्णतेत वाया जाई. साठ वॉटच्या त्या दिव्याइतका उजेड सीएफएल अवघ्या चौदा वॉटमध्ये देऊ लागला. रोज पाच तास जळणारा एक दिवा बदलला, तर वर्षाकाठी सुमारे ८४ युनिट वाचतात. सहा रुपये युनिट धरल्यास ही बचत पाचशे रुपयांच्या घरात जाते. भारनियमनाने महाराष्ट्र हैराण झालेला असताना, २००५ साली, महावितरणने नाशिकमध्ये या दिव्यांचा प्रायोगिक कार्यक्रम हाती घेतला. २००९ मध्ये केंद्र सरकारने ‘बचत लॅम्प योजना’ आणली. जुना दिवा द्यावा आणि पंधरा रुपयांत सीएफएल न्यावा, असे तिचे स्वरूप होते. महिन्याचे बिल पगाराशी जुळवताना मेटाकुटीस येणाऱ्या शिक्षक-कारकुनांच्या घरांत तिचे स्वागत झाले असल्यास नवल नाही.

भय किती, तथ्य किती?

या दिव्यात पारा असतो तो अपघाताने नव्हे. नळीतील पाऱ्याच्या वाफेतून वीज गेली, की अतिनील किरण निर्माण होतात आणि काचेच्या आतील पांढरा लेप त्यांचे दृश्य प्रकाशात रूपांतर करतो. पारा नसेल, तर उजेडही नाही. त्याचे प्रमाण साधारणतः तीन ते पाच मिलिग्रॅम. ताप पाहण्याच्या जुन्या तापमापकात याच्या शंभरपट पारा असे. मात्र दिल्लीच्या ‘टॉक्सिक्स लिंक’ या संस्थेने २०११ मध्ये बाजारातील दिवे तपासले, तेव्हा त्यांपैकी अनेकांत पाच मिलिग्रॅमच्या मर्यादेपेक्षा कितीतरी अधिक पारा आढळला. स्वस्ताईची किंमत कोठे वळती झाली होती, हे त्यावरून उघड झाले.

अखंड दिव्यातून पारा बाहेर पडत नाही. अतिनील किरणांविषयी बोलायचे, तर युरोपीय शास्त्रज्ञांच्या समितीने २००८ साली प्रकाशाने त्वचाविकार बळावणाऱ्या मोजक्या रुग्णांना जपण्यास सांगितले. ब्रिटनच्या आरोग्ययंत्रणेने त्याच वर्षी उघड्या नळीचा दिवा दिवसात तासाभराहून अधिक काळ एक फुटाच्या आत ठेवू नये, असे सुचविले. टेबलावर डोके खुपसून अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याने एवढे पथ्य पाळले, म्हणजे पुरे. दिवा घरात फुटलाच तर मुलांना बाहेर न्यावे, पंखा बंद करून खिडक्या-दारे दहा-पंधरा मिनिटे उघडी ठेवावी, केरसुणी न फिरविता जाड कागदाने तुकडे गोळा करावे, ओल्या फडक्याने जागा पुसावी आणि हे सारे झाकणाच्या बरणीत बंद करावे. यात घबराटीचे कारण नाही.

पाऱ्याचा हिशेब मांडताना आणखी एक बाजू विसरता येत नाही. दगडी कोळशात पारा असतो आणि कोळसा जाळून वीज निर्माण करताना तो धुरांड्यातून हवेत जातो. म्हणून वीज वाचविणारा दिवा तितका कोळसा आणि तितका पाराही वाचवितो. सीएफएल हा केवळ खलपुरुष होता, असे म्हणणे त्यामुळे अन्यायाचे ठरेल.

लाभ एकाचा, भार दुसऱ्याचा

तरीही गोम आहे ती येथेच. विजेच्या बिलातील बचत ग्राहकाच्या खिशात गेली, विक्रीचा नफा उत्पादकाला मिळाला आणि विजेची टंचाई कमी झाल्याचे श्रेय सरकारने घेतले. फुटक्या दिव्याचा भार मात्र या तिघांपैकी कोणाच्याच खतावणीत नाही. तो पडतो कचरा वेचणाऱ्या बाईवर आणि दिव्याच्या बुडातील तांब्याच्या तारेसाठी काच फोडणाऱ्या भंगारवाल्याच्या पोरावर. अर्थशास्त्रात याला बाह्य खर्च म्हणतात. सरळ मराठीत सांगायचे, तर जेवणारा एक आणि पत्रावळ उचलणारा दुसरा. घरातील दिवा वर्षा-दोन वर्षांतून एकदा फुटतो. भंगाराच्या वखारीत तो रोज फुटतो. साचलेल्या पाण्याच्या चिखलात सूक्ष्मजीव पाऱ्याचे अधिक विषारी मिथिल पाऱ्यात रूपांतर करतात. भातखाचर ही अशीच जागा. जपानमधील मिनामाता येथे १९५६ साली उघडकीस आलेल्या भीषण रोगाचे मूळ हेच विष होते. कारखान्याच्या सांडपाण्यातून ते समुद्रात गेले आणि मासळीतून माणसांच्या पोटात. उकिरड्यावरच्या दिव्यांची तुलना त्या कारखान्याशी करणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु पारा एकदा मातीत गेला, की तो नष्ट होत नाही, एवढा धडा त्यातून घ्यावयास हरकत नाही.

नियमांची वाण नाही. घनकचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनी सीएफएल आणि ट्यूबलाइट यांची गणना घरगुती घातक कचऱ्यात केली आणि त्यासाठी दर वीस चौरस किलोमीटरला एक संकलन केंद्र असावे, असे सांगितले. पण हे नियम मुख्यतः शहरांसाठी होते; दिघाशीसारखे साधे खेडे त्यांच्या वेशीबाहेरच राहिले. त्याच वर्षीच्या ई-कचऱ्याच्या नियमांनी दिवे परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आणि अनामत रक्कम घेऊन ती दिवा परत करताच फेडण्याची वाटही मोकळी ठेवली. २०२३ पासून लागू झालेल्या नव्या नियमांत उत्पादकांना पुनश्चक्रणाची प्रमाणपत्रे घ्यावी लागतात; परंतु ती मिळतात सोने, तांबे, लोखंड आणि अ‍ॅल्युमिनियम यांच्या हिशेबाने. पारा त्या यादीत नाही. जे विकले जाते ते गोळा होते आणि जे विषारी असते ते मागे राहते, ही बाजाराची जुनीच रीत येथे सरकारी शिक्क्यानिशी चालू आहे.

यातील विसंगती तर अधिकच बोलकी आहे. ‘बचत लॅम्प’ योजनेत लोकांकडून जुना तारेचा दिवा परत घेतला जात होता. २०२१ च्या ‘ग्राम उजाला’ योजनेत नागपूरसह काही ठिकाणच्या ग्रामीण भागात दहा रुपयांना एलईडी दिवा मिळाला, तोही चालू स्थितीतला जुना तारेचा दिवा दिल्यावरच. म्हणजे खेडोपाडी दिवे परत गोळा करणे अशक्य नाही, हे सरकारनेच दाखवून दिले. मात्र गोळा झाला तो पारा नसलेला, निरुपद्रवी दिवा. कारण त्यामागे कार्बन-बचतीच्या पैशाचे गणित होते. पाऱ्याच्या दिव्यामागे असे गणित कोणी मांडलेच नाही.

आता सीएफएलचे युग संपत आले आहे. एलईडी दिव्याची सरकारी खरेदीची किंमत २०१४ मधील ३१० रुपयांवरून २०१६ मध्ये ३८ रुपयांवर आली आणि ‘उजाला’ योजनेतून ३६ कोटींहून अधिक दिवे वाटले गेले. पाऱ्यासंबंधीच्या मिनामाता कराराला भारताने २०१८ मध्ये मान्यता दिली. घरगुती वापरातील बहुतेक सीएफएलचे उत्पादन व व्यापार २०२५ पर्यंत आणि ट्यूबलाइटचा २०२७ पर्यंत थांबवावा, असे करारातील राष्ट्रांनी ठरविले आहे. एलईडीत पारा नाही. त्यात इलेक्ट्रॉनिक भाग असल्याने तोही उकिरड्यावर टाकण्याजोगा नव्हे, हे वेगळे. परंतु उत्पादन थांबले म्हणून घरांतील, शाळांतील आणि भिवंडीच्या यंत्रमागांवरील जुने दिवे व नळ्या नाहीशा होत नाहीत. हत्ती गेला, शेपूट राहिले आहे. आणि विष आहे ते शेपटातच.

ही शेवटची खेप गोळा करणे अवघड नाही. गावच्या शाळेत किंवा ग्रामपंचायतीत झाकणाची एक पेटी ठेवावी, अखंड दिवा आणून देणाऱ्यास पाच रुपये द्यावे, सहा महिन्यांतून एकदा तालुक्याच्या गाडीने तो साठा अधिकृत पुनश्चक्रण केंद्राकडे किंवा तळोजा येथील घातक कचऱ्याच्या प्रकल्पाकडे पोचवावा आणि हा खर्च उत्पादकांकडून वसूल करावा. पाच रुपये मिळतात म्हटल्यावर भंगारवाला स्वतःच दिवा फोडणार नाही, जपून आणील. उपदेशाने जे साधत नाही, ते कित्येकदा पाच रुपयांनी साधते.

वीस वर्षे या दिव्यांनी विद्यार्थ्यांना उजेड दिला आणि संसारांचे पैसे वाचविले. त्या बचतीतील थोडा अंश त्यांच्या उत्तरक्रियेसाठी बाजूला काढणे, हा उपकार नव्हे. ते थकलेले देणे आहे. ते चुकविले नाही, तर त्याची वसुली भाताच्या खाचरातून होत राहील.