आठवणींचा तराजू आणि त्याचा पासंग

'आमच्या वेळी असं नव्हतं' हे वाक्य कधीच ऐकले नाही असा विद्यार्थी सापडणे कठीण. घरी आजोबा ते म्हणतात, शिक्षकांच्या खोलीत आपण म्हणतो, आणि दहावीची मुलेही पाचवीच्या मुलांकडे पाहून म्हणताना आढळतात. पूर्वी दुधाला चव होती, पाऊस वेळेवर पडत होता, शब्दाला किंमत होती, मुले मोठ्यांपुढे तोंड वर करून बोलत नव्हती. ही सगळी विधाने एका जातीची नाहीत. पावसाचे विधान नोंदवह्या काढून तपासता येते, दुधाच्या चवीचे तपासणे अवघड. परंतु ती सर्व एकाच साधनाने मोजलेली असतात, आणि ते साधन म्हणजे माणसाची आठवण.

तराजू वापरण्यापूर्वी दोन्ही पारडी रिकामी ठेवून काटा मध्यावर येतो का, हे आपण पाहतो. न आल्यास तराजूला पासंग आहे असे म्हणतो. पासंग असलेला तराजू फेकून देण्याची गरज नसते. पासंग किती आणि कोणत्या बाजूला आहे हे कळले, की त्याच तराजूने बरोबर वजन करता येते. आठवणीच्या तराजूला पासंग आहे का, एवढेच आपल्याला येथे पाहायचे आहे.

गतकाळाच्या ओढीला मराठीत 'स्मरणरंजन' असा सुरेख शब्द आहे. इंग्रजीतील 'नॉस्टॅल्जिया' मात्र जन्मला तो एका रोगाचे नाव म्हणून. योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने १६८८ साली स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे सादर केलेल्या प्रबंधात हा शब्द घडवला. 'घरी परतणे' आणि 'वेदना' या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांचा तो जोड आहे. घरापासून दूर राहणारे स्विस तरुण खंगत जातात, हा त्याचा विषय. पुढे शॉइख्त्सर नावाच्या स्विस शास्त्रज्ञाने याचे कारण हवेच्या दाबात शोधले. उंच डोंगरांतली माणसे सखल प्रदेशात आली, की वाढलेल्या दाबाने त्यांच्या शरीरावर परिणाम होतो, असे त्याचे म्हणणे! वायुदाबमापक तेव्हा नवा होता, आणि नवे उपकरण हाती आले की जो तो त्यानेच सारे काही मोजू पाहतो. आज स्मरणरंजनाला कोणी रोग म्हणत नाही. एकटेपणात ते आधार देते असे मानसशास्त्रज्ञांना आढळले आहे. म्हणून आजोबांना आठवणी सांगण्यापासून परावृत्त करण्याचा आमचा मुळीच हेतू नाही.

आता पासंगाकडे वळू. दुःखद प्रसंगाची आठवण राहते, पण तिच्यातला चटका लवकर ओसरतो. सुखद प्रसंगाची गोडी त्यामानाने हळूहळू ओसरते. अनेक प्रयोगांत हे आढळले आहे. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कॅलिफोर्नियातील तीन आठवड्यांच्या सायकल सहलीला गेलेल्या विद्यार्थ्यांना सहलीपूर्वी, सहल चालू असताना आणि नंतर, असे तीन वेळा प्रश्न विचारले होते. सहल चालू असताना त्यांचे जे मत होते, त्यापेक्षा नंतरचे मत अधिक गोड निघाले. शाळेची सहल नेणाऱ्या शिक्षकांना याचे आश्चर्य वाटू नये. परतीच्या एस.टी.त रडवेली झालेली मुले महिन्याभराने तीच सहल रंगवून सांगतात.

आपल्याकडचे मोठे उदाहरण म्हणजे ७२ चा दुष्काळ. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. त्या काळाविषयी ज्येष्ठ माणसे बोलू लागली की खडी फोडणे, सुकडी, परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी हे सारे येते, आणि बरेचदा थोड्या अभिमानाने येते. आम्ही ते दिवस काढले, हे सांगण्यात गोडी आहे. पोटातली आग मात्र आठवणीत तितकी जळत नाही.

याशिवाय साधारण दहा ते तीस वर्षे या वयातल्या आठवणी माणसाला पुढे सर्वांत जास्त आणि सर्वांत ठळक आठवतात. पहिली नोकरी, पहिला पगार, लग्न, घरापासून दूर काढलेले पहिले वर्ष हे सगळे त्याच काळातले. तेव्हा गुडघे दुखत नव्हते आणि घरातल्या बहुतेक काळज्या दुसरेच कोणी वाहत होते. त्यामुळे 'तो काळ चांगला होता' या वाक्याचा पुष्कळसा अर्थ 'मी तेव्हा तरुण होतो' असा असतो.

माणसे बिघडत चालली आहेत, ही तक्रारही तपासली गेली आहे. २०२३ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका लेखात निदान ६० देशांतील पाहण्या एकत्र केल्या होत्या. नीतिमत्ता घसरते आहे असे लोक गेली किमान ७० वर्षे सर्वत्र म्हणत आहेत, असे दिसले. पण 'आज तुमच्या आसपासची माणसे कशी वागतात?' असे विचारले, तर या प्रश्नाला वर्षानुवर्षे मिळालेली उत्तरे जवळजवळ सारखीच होती! घसरण खरी असती तर ही उत्तरेही खाली खाली गेली असती. आपल्याला हे नवे नाही. सत्ययुगापासून कलियुगापर्यंत उतरत येणारी युगांची कल्पना फार जुनी आहे, आणि ज्याने त्याने स्वतःला कलियुगातच ठेवले आहे.

आतापर्यंत पाहिलेला पासंग एकेकाच्या मनातला होता. दुसरा याहून मोठा आहे आणि तो मनाबाहेर आहे. आठवण सांगायला जो उरतो, तोच ती सांगतो.

'पूर्वीची माणसे नव्वद वर्षे खणखणीत जगत' हे विधान घ्या. गावात तसे एक-दोन आजोबा असतात, म्हणजे पुरावाही समोर बसलेला असतो. भारतातील सरासरी आयुर्मान मात्र १९०१-११ या दशकात सुमारे २३ वर्षे आणि १९११-२१ मध्ये सुमारे २० वर्षे होते. स्वातंत्र्याच्या आसपास, म्हणजे १९४१-५१ मध्ये, ते सुमारे ३२ झाले. २०१६-२० या काळासाठी ते ७० आहे. २० वर्षे या आकड्यामागे १९१८ ची इन्फ्लुएन्झाची साथ आहे. तिने भारतात एक कोटीहून अधिक बळी घेतले, आणि १९२१ च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीपेक्षा कमी भरली.

येथे विद्यार्थी हमखास विचारतात, की सरासरी ३२ असताना नव्वदीचे आजोबा कोठून आले? हा प्रश्न फळ्यावर सोडवावा. दहा मुले जन्मली असे धरू. त्यांतली चार साधारण वर्षाची होऊन दगावली. उरलेली सहा ५५ वर्षे जगली. एकूण वर्षे झाली ४ अधिक ३३०, म्हणजे ३३४, आणि सरासरी ३३ च्या थोडी वर. या घरात तिशीत एकही माणूस मेला नाही, तरी सरासरी तेथे आली. आता पुढचा प्रश्न विचारावा. 'आमच्या वेळी मुले मातीत खेळत आणि धडधाकट राहत' असे सांगायला या दहांपैकी किती जण शिल्लक आहेत? सहा. सहाही जण खरेच सांगतात. चौघांना मात्र कोणी विचारू शकत नाही.

ही चार मुले आम्ही समजुतीसाठी घेतली. नोंदींतले आकडे असे आहेत. १९७१ मध्ये भारतात दर हजार जन्मांमागे १२९ अर्भके पहिला वाढदिवस पाहू शकली नाहीत. २०२० मध्ये ही संख्या २८ होती. ६० मुलांच्या वर्गाच्या भाषेत सांगायचे, तर तेव्हा ६० जन्मांमागे जवळजवळ आठ, आणि आता दोनांहून कमी.

आकडे कोरडे वाटतात, म्हणून एक आयुष्य पाहू. आनंदीबाई जोशी १८६५ साली जन्मल्या, नवव्या वर्षी त्यांचे लग्न झाले, चौदाव्या वर्षी त्या आई झाल्या, आणि ते मूल दहा दिवसांत गेले. या दुःखाने त्या वैद्यकाकडे वळल्या आणि अमेरिकेत जाऊन १८८६ साली डॉक्टर झाल्या. फेब्रुवारी १८८७ मध्ये, वयाची बावीस वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच, क्षयाने त्यांचा अंत झाला. क्षयाचा जंतू कॉखने १८८२ सालीच शोधला होता. म्हणजे रोगाचे कारण ठाऊक होते, औषध मात्र नव्हते. स्ट्रेप्टोमायसीन १९४३ साली सापडले. आनंदीबाईंचे नाव इतिहासात राहिले. त्यांच्यासारखे मूल गमावलेल्या आणि वयाच्या विशीत गेलेल्या इतर असंख्य बायकांच्या आठवणी कोणाकडेच नाहीत.

शिक्षकांना अधिक जवळचे उदाहरण म्हणजे जुनी सातवी. 'व्हर्नाक्युलर फायनल' झालेल्या माणसाचे मोडी अक्षर, पावकी-निमकी, तोंडी हिशेब आणि शुद्धलेखन यांची थोरवी आपण सर्वांनी ऐकली आहे. ती खोटी नाही. पण १९५१ च्या जनगणनेत देशात साक्षर होते शंभरात १८, आणि स्त्रियांत तर नऊसुद्धा नव्हत्या. चाळणीतून उतरलेल्या थोड्यांची तुलना आपण आजच्या पूर्ण वर्गाशी करतो. त्या काळी शेवटच्या बाकावरचा मुलगा गुरे राखायला गेलेला असे आणि त्याची बहीण शाळेत आलेलीच नसे. २०११ मध्ये साक्षर शंभरात सुमारे ७३ आणि स्त्रियांत सुमारे ६५ झाले. आजच्या वर्गात वाचता न येणारी मुले आहेत, ही चिंता रास्तच आहे आणि ती झटकून टाकू नये. परंतु ती मुले आता वर्गात आहेत, म्हणून आपल्याला दिसतात.

मग म्हाताऱ्या माणसांचे सारेच बोलणे बाजूला ठेवायचे का? तसे केले तर उलट दिशेने फसू. 'पूर्वी मेलेल्या जनावरावर गिधाडांचे थवे उतरत' ही आठवण अक्षरशः खरी आहे. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची भारतातील संख्या १९९२ ते २००७ या काळात ९९ टक्क्यांहून अधिक घटली. जनावरांना दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक त्यांच्या मृतदेहांतून गिधाडांच्या पोटात जात होते, हे कारण २००४ साली उघड झाले, आणि २००६ मध्ये भारतात या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. आज पंधरा वर्षांच्या मुलाला गिधाडे नसलेले आकाशच नेहमीचे वाटते. डॅनियल पॉली या मत्स्यशास्त्रज्ञाने १९९५ साली हा धोका मांडला. प्रत्येक पिढी आपल्या लहानपणी दिसले तेच मूळ प्रमाण धरते, आणि त्यामुळे हळूहळू होणारी झीज कोणाच्याच लक्षात येत नाही. नदी, विहिरीचे पाणी, मासे यांच्या बाबतीत आजीची आठवण हा कच्चा का होईना, पण मोलाचा पुरावा असतो.

दोन्ही चुकांची किंमत मोजावी लागते. देवीचा भारतातील शेवटचा रुग्ण मे १९७५ मध्ये आढळला, आणि देवीच्या व्रणांचे चेहरे आता दुर्मिळ झाले आहेत. घटसर्पाने गुदमरणारे मूल पाहिलेले पालकही थोडे उरले आहेत. अशा वेळी 'पूर्वी कुठे होत्या इतक्या लशी? तरी वाढलीच ना माणसे!' हा युक्तिवाद जोर धरतो. वाढली ती बोलत असतात, म्हणून तो पटतो.

वर्गासाठी एक उपक्रम सुचवतो. विद्यार्थ्यांनी साठीच्या पुढील माणसांना 'तुमचा काळ कसा होता?' असे विचारू नये, मोजता येईल असे विचारावे. तुम्ही भावंडे किती जन्मलात, किती मोठी झालात? पाणी किती दूरून आणावे लागे, आणि कोण आणी? शाळा कितवीत सुटली आणि का? वर्षातले किती महिने घरात धान्य पुरे? विहिरीला उन्हाळ्यात किती हातांवर पाणी लागे? ओढ्यात कोणते मासे मिळत? गेलेल्या भावंडांविषयी विचारताना उत्तराची घाई करू नये, आणि सांगणाऱ्याला थांबावेसे वाटले तर तेथेच थांबावे, हे मुलांना आधी समजावून द्यावे. आजोबांची उत्तरे एका रकान्यात आणि आजींची दुसऱ्या रकान्यात लिहावीत. एकाच घरातले, एकाच वर्षाविषयीचे हे दोन रकाने बहुधा जुळत नाहीत, आणि पाण्याच्या प्रश्नापाशी तर हमखास नाही.