संगणक म्हातारा होतो म्हणजे काय?

संगणक सुरू करायचा, चहाचे आधण ठेवायचे आणि चहा पिऊन झाल्यावर पडद्यासमोर येऊन बसायचे, हा क्रम अनेक घरांच्या अंगवळणी पडला आहे. मग एके दिवशी घरातले कोणीतरी म्हणते, ‘म्हातारा झाला हो तो, आता नवा घ्या!’

पण यंत्र माणसासारखे म्हातारे होत नाही. प्रोसेसर तापत नसेल, तर दहा वर्षांपूर्वी तो ज्या वेगाने आकडेमोड करीत होता, त्याच वेगाने आजही करतो. वाढते ते त्याच्या पाठीवरचे ओझे. १९९५ साली आलेल्या विंडोज ९५ ला किमान ४ एमबी रॅम लागे. २०२१ साली आलेल्या विंडोज ११ ला किमान ४ जीबी लागते, म्हणजे हजारपटीहून जास्त! पास्कल या संगणकभाषेचे जनक, स्विस शास्त्रज्ञ निक्लाउस विर्थ यांनी १९९५ सालीच एका लेखात बजावले होते, की यंत्रे जेवढ्या झपाट्याने वेगवान होतात त्याहून अधिक झपाट्याने सॉफ्टवेअर मंदावत जाते.

तेव्हा औषधाआधी निदान हवे. माझ्या एका मित्राच्या घरी २०१३ सालचा संगणक आहे. मुलगी बारावीला, मित्राची नोकरी गेलेली, घर वहिनींच्या शिवणकामावर चाललेले. दुकानदाराने नवा संगणक घ्यायला सांगितला होता. ‘भाऊजी, क्लासच्या फीचे पैसे बाजूला ठेवलेत, त्यातून घेऊ का?’ वहिनींनी विचारले. मी म्हटले, ‘थांबा, आधी त्याची नाडी पाहू.’

ही नाडी कोणालाही पाहता येते. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबली, की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क यांवर किती टक्के भार आहे ते दिसते. स्वयंपाकघराची उपमा द्यायची तर रॅम म्हणजे ओटा आणि हार्ड डिस्क म्हणजे कोठीची खोली. ओटा लहान असला, की प्रत्येक डबा वापरून पुन्हा कोठीत ठेवावा लागतो आणि सुगरणीचा सारा वेळ हेलपाट्यांत जातो.

वहिनींच्या संगणकात प्रोसेसर निवांत होता, डिस्क मात्र शंभर टक्क्यांवर. जुन्या हार्ड डिस्कमध्ये तबकडी मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेते आणि हव्या त्या जागी पोचायला तिच्या सुईला सेकंदाचा साधारण शंभरावा भाग लागतो. एसएसडीत फिरणारे काहीच नसल्याने हाच वेळ कितीतरी पटींनी कमी होतो. आम्ही आधी सगळे फोटो आणि कागदपत्रे दुसरीकडे उतरवून घेतली, मग एसएसडी बसवली. खर्च नव्या संगणकाच्या किमतीचा एक लहानसा हिस्सा. संगणक आता मिनिटभरात कामाला तयार होतो, आणि क्लासची फी वेळेवर भरली गेली.

काही उपाय तर बिनपैशाचे आहेत. त्याच टास्क मॅनेजरच्या ‘स्टार्टअप’ या भागात, संगणकाबरोबर आपोआप जागे होणारे अनावश्यक प्रोग्रॅम बंद करता येतात. वायर काढून, कॅबिनेट उघडून मऊ ब्रशने धूळ झाडावी. तापलेला प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. ‘एका क्लिकमध्ये वेग वाढवा’ म्हणणाऱ्या अनोळखी प्रोग्रॅमपासून मात्र चार हात दूरच राहावे.

वेगाइतकीच सुरक्षितताही महत्त्वाची. विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. सुरक्षेची डागडुजी बंद झालेल्या संगणकावरून बँकेचे व्यवहार करणे म्हणजे कडी न लावता झोपणे. अनेक जुन्या यंत्रांना विंडोज ११ स्वीकारत नाही, कारण तिला टीपीएम २.० ही सुरक्षा-सोय लागते. अशा वेळी लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली उपयोगी पडते. पेन ड्राइव्हवरून ती आधी चालवून पाहता येते आणि तिच्यात मराठीही लिहिता येते. मात्र केवळ विंडोजवर चालणारे हिशेबाचे किंवा अभ्यासाचे सॉफ्टवेअर तुम्ही वापरत असाल, तर आधी खात्री करून घ्यावी.

रॅम वाढवण्याची सोयच नसेल किंवा मदरबोर्ड गेला असेल, तर निरोप द्यावाच लागतो. तोही डिस्कवरची माहिती पुसून, नोंदणीकृत ई-कचरा केंद्राकडे. पण त्याआधी एकदा आठवावे, की पितळेच्या पातेल्याची कल्हई उडाली म्हणून आपल्या आज्यांनी पातेले कधी मोडीत काढले नव्हते.